राई, ग्रामसभा आणि जागतिक करार

पानशेत आणि वरसगाव या दोन धरणांत मिळून तेवीस टीएमसीहून अधिक पाणी साठते, आणि एकट्या भाटघरात साडेतेवीस. पहिली दोन वेल्हे तालुक्यात, तिसरे भोरमध्ये. पुण्यातल्या घरांचे नळ आणि बारामती, इंदापूर, फलटणकडचे उसाचे मळे या दोन तालुक्यांच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावर चालतात. बाहेरच्या माणसाला मात्र हा मुलूख आठवतो तो राजगड, तोरणा, रायरेश्वरासाठी आणि खाचरातल्या आंबेमोहोरासाठी. या मुलखाची आणखी एक ओळख आहे, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डहून परतलेला एक तरुण जीवशास्त्रज्ञ पुण्याच्या पश्चिमेच्या या डोंगरांत देवराया शोधत हिंडला. तिथे त्याला जे दिसले, ते त्याने पुढे देशाच्या कायद्यात आणि संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळांत नेऊन मांडले. त्या जीवशास्त्रज्ञाचे नाव माधव धनंजय गाडगीळ. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी ते वेल्हेच होते, म्हणून इथे तेच ठेवले आहे.)

पुण्याला विद्यापीठातून राजनयाकडे गेलेल्या माणसांची परंपरा आहे. गणिताचे रँग्लर आणि फर्ग्युसनचे प्राचार्य र. पु. परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. अर्थतज्ज्ञ विजय केळकर जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत काम करून आले. गाडगीळांचे वडील धनंजयराव गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे एक शिल्पकार आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्राचा निधी वाटण्याचे ‘गाडगीळ सूत्र’ त्यांचेच. म्हणजे धोरण हा विषय माधवरावांच्या घरातच होता. शेजारी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे राहत. जंगलाकडे पाहताना झाडाबरोबर माणूस आणि त्याची जातपात, देवदैवते, धंदा हेही पाहायचे, ही सवय त्यांना त्या शेजाराने लावली असे मानायला जागा आहे.

जन्म २४ मे १९४२. फर्ग्युसनमधून पदवी, मुंबईच्या विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण, आणि १९६९ साली हार्वर्डची डॉक्टरेट. उंच उडीत विद्यापीठाचा विक्रम त्यांच्या नावावर होता, आणि डोंगर चढण्याची ही तब्येत पुढे कामाला आली. हार्वर्डमध्ये ते गणिती पद्धतीने जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या फळीतले. तिथेच राहिले असते तर नामांकित प्राध्यापक झालेच असते. पण १९७१ साली ते आणि त्यांच्या पत्नी, मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ, परत आले. माधवराव पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक होते. त्या काळी सह्याद्रीतली झाडे त्यांच्याइतकी पायी हिंडून ओळखणारे थोडेच होते. दोघांनी मिळून देवराया हाती घेतल्या.

पुण्याच्या पश्चिमेला मावळ खोऱ्यांत जवळजवळ प्रत्येक गावाची राई असे. कुठे चार-पाच गुंठे, कुठे कित्येक एकर. देव बहुतेक ठिकाणी देवी: शिरकाई, मेंगाई, वाघजाई, सोमजाई, काळकाई. तांदळा किंवा शेंदूर फासलेला दगड, वर छप्पर असेल किंवा नसेल, आणि भोवती अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, बेहडा यांची दाटी. एखाद्या राईत गारंबीची वेल मांडीएवढ्या जाडीची. नियम गावोगावी वेगळे. कुठे वाळली काटकीसुद्धा उचलायची नाही, कुठे पडलेले लाकूड देवळाच्या कामाला चालते, कुठे झाड तोडण्याआधी देवीला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच कुऱ्हाड घालायची. पायातली वहाण राईच्या बाहेर.

या राया देवभोळेपणाचा अवशेष आहेत, असे समजून सोडून देता आले असते. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये पुण्याभोवतीच्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास मांडला होता, आणि ही ठाणी शेतीपूर्व काळापर्यंत मागे जात असावीत असे सुचवले होते. गाडगीळ आणि वर्तक यांनी त्या धाग्याला जीवशास्त्र जोडले. राईत कोणती झाडे उरली आहेत, जी आसपासच्या डोंगरावर आता दिसत नाहीत? ओढा कुठे उगम पावतो? या राईला कोण सांभाळते आणि कोणाच्या भीतीने? १९७५-७६च्या सुमारास त्यांचे निबंध मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आणि ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या अमेरिकी नियतकालिकात आले. तोवर भारतात संरक्षण म्हणजे अभयारण्य, आणि अभयारण्य म्हणजे वनखात्याचे कुंपण, असेच समीकरण होते. गावाने शेकडो वर्षे राखलेली जंगले या देशात आहेत, हे शास्त्रीय नोंदींनी मांडले गेले ते या निबंधांतून.

या कामाच्या काळातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काळकाईची तिथली राई वनखात्याने तोडायला काढली होती. गावकऱ्यांनी या पुण्याच्या अभ्यासकांना गाठले, कारण गावाचा ओढा त्या राईतून वाहत होता आणि राई गेली की ओढा आटणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. राई वाचली. तिथल्या लोकांना देवीची भीती होती आणि पाण्याचे गणितही कळत होते, आणि दोन्हींचा मेळ त्यांनी कधीच घातलेला होता. शहरातल्या शिकलेल्या माणसाला हा मेळ पटायला वेळ लागतो.

पानशेतच्या पाणलोटात दिसलेले चित्र उलटे होते, आणि माझ्या मते गाडगीळांचा पुढचा सगळा विचार इथे घडला. धरणाआधी हे डोंगर बऱ्यापैकी झाडीचे होते. धरणाचे काम सुरू झाले तसे रस्ते आले, रस्त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले. तळाची भातखाचरे पाण्याखाली जाणार म्हणून माणसे डोंगर चढून वर सरकली. पोट भरायला दुसरे साधन नव्हते. उतारावरची झाडे कोळशाच्या भट्टीत गेली आणि व्यापाऱ्याने कवडीमोलाने नेली. काही वर्षांत उतार उघडे पडले, आणि उभ्या राहिल्या त्या फक्त राया. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले तेव्हाचा पूर पुण्याच्या कायम स्मरणात राहिला. वरच्या डोंगरांवर काय होऊन गेले, याची आठवण शहराने ठेवली नाही.

‘गरीब माणूस जंगल तोडतो’ हे वाक्य तेव्हा प्रत्येक सरकारी अहवालात असे. पानशेतच्या खोऱ्यात झाडे गावकऱ्यांच्याच हातांनी तुटली होती, हे खरे. पण त्याच हातांनी राई राखली होती. फरक होता तो ताब्याचा. राईवर गावाचा शब्द चालत होता. उतारावर आधी सरकारचा, मग धरणाचा आणि शेवटी व्यापाऱ्याचा. जिथे माणसाला उद्याची खात्री आहे आणि ठरवण्याचा अधिकार आहे तिथे तो राखतो, जिथे दोन्ही काढून घेतले तिथे तो आजच ओरबाडतो. गाडगीळांनी पुढची चाळीस वर्षे हेच म्हणणे वेगवेगळ्या ठिकाणी पारखून पाहिले.

१९७३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि २००४पर्यंत तिथेच राहिले. १९८३ साली तिथे त्यांनी परिस्थितिकी केंद्र उभे केले. या काळातल्या दोन कामांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे.

पहिले कर्नाटकातल्या बांबूचे. कागद गिरण्यांना सरकार जंगलातला बांबू नाममात्र दराने देत होते. दांडेलीच्या गिरणीला सुरुवातीला टनाला दीड रुपया. बांबू संपत चालला तेव्हा गिरणीवाले म्हणाले, गावातली गुरे कोंब खातात. गाडगीळ जंगलात जाऊन पाहत बसले. गावकरी बांबू काढताना बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कडे तसेच ठेवत. गिरणीचे मजूर सोयीसाठी ते साफ करून टाकत, आणि मग उघड्या पडलेल्या कोवळ्या कोंबांवर गुरे आणि वन्यप्राणी तुटून पडत. ज्यांना अडाणी म्हटले जात होते त्यांची पद्धत शास्त्राला धरून होती. ज्यांच्याकडे वनशास्त्राचे पदवीधर होते त्यांची नव्हती.

दुसरे उदाहरण भरतपूरचे. तिथल्या पाणथळीत म्हशी चरायला बंदी घाला, असा सल्ला सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाने दिला होता. १९८२ साली बंदी आली, लोक उठले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच वि. स. विजयन यांनी वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात दिसले की म्हशी नसल्याने गवत माजले, पाणथळ गुदमरली आणि पक्ष्यांचे नुकसान झाले. सलीम अलींबद्दल गाडगीळांना फार आदर होता. तरीही ही हकीकत ते जाहीर सभांतून सांगत आले. तज्ज्ञाचा शब्द लोकांच्या अनुभवापुढे तपासून घ्यावा लागतो, आणि तो तज्ज्ञ आपल्या जवळचा असला तरीही, हे त्यांनी पाळले.

कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी गवळी-धनगरांवर केलेला अभ्यासही भोर-वेल्ह्याच्या माणसाला ओळखीचा वाटेल. वरच्या सड्यावर म्हशी घेऊन धनगर, खाली खोऱ्यात भात-नाचणी पिकवणारा कुणबी, आणि दोघांत लोणी-धान्याची देवघेव. एकाच डोंगरावर दोन समाज आपापला थर वाटून घेऊन पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्या डोंगरांवर आजही धनगरवाडे आहेत. वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर अनुसूचित जमातीत नसल्याने धनगरांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. सड्यावर राहणाऱ्या माणसाने ७५ वर्षांचा कागद आणायचा कुठून?

आता जगाकडे वळू. जून १९७२मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिला गेलेल्या एकमेव शासनप्रमुख इंदिरा गांधी होत्या. गरिबी आणि प्रदूषण यांचा संबंध त्यांनी तिथे मांडला आणि विकसनशील देशांची बाजू जगापुढे आली. १९८७च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकास ही कल्पना सर्वमुखी केली. १९९२ साली रिओला जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि भारताने १९९४मध्ये त्याला मान्यता दिली. या कराराने दोन गोष्टी बदलल्या. एक, जैविक संपत्ती ही सगळ्या मानवजातीची मोकळी मालमत्ता नसून त्या त्या देशाचा तिच्यावर सार्वभौम हक्क आहे. दोन, आठव्या कलमातल्या ‘जे’ उपकलमाने स्थानिक समाजांच्या पारंपरिक ज्ञानाचा आदर आणि त्यातून होणाऱ्या लाभाची वाटणी यांचा उल्लेख आणला.

करार झाला तरी प्रत्यक्षात काय होते ते हळदीने दाखवले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. जुने लिखित पुरावे सापडले म्हणून ते जमले. वेल्ह्याच्या एखाद्या महादेव कोळी वैदूला जे ठाऊक आहे आणि कुठल्याही पोथीत नाही, त्याचे काय? या प्रश्नावर गाडगीळांचे उत्तर होते लोकजैवविविधता नोंदवही: गावाने स्वतः बसून आपल्या हद्दीतल्या झाडांची, पिकांच्या वाणांची, ओढ्या-डोहांची, औषधांची, आणि ती कोणाला ठाऊक आहेत याची नोंद करायची. काय उघड करायचे आणि काय राखून ठेवायचे हेही गावानेच ठरवायचे. २००२च्या जैवविविधता कायद्याचा मसुदा घडवण्यात ते होते, आणि प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व तिची नोंदवही ही तरतूद त्या कायद्यात आली.

याच सुमारास, १९९८ ते २००२, ते जागतिक पर्यावरण निधीच्या वैज्ञानिक व तांत्रिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. हा निधी १९९१ साली प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि १९९४ साली नव्याने बांधला गेला. जैवविविधता, हवामान या करारांखालच्या कामांना विकसनशील देशांत पैसा यातून जातो. कुठल्या कामाला शास्त्रीय आधार आहे हे पाहणे मंडळाचे काम. राजनयाच्या जगात ही जागा झगमगाटाची नाही. पण पैसा कुठल्या कल्पनांमागे जावा याला वळण इथे मिळते. सह्याद्रीच्या राईत उभा राहिलेला माणूस अशा खुर्चीवर बसतो तेव्हा ‘स्थानिक लोकांचा सहभाग’ हे शब्द प्रकल्पाच्या कागदावर नुसते शोभेला उरत नाहीत. व्होल्व्हो पर्यावरण पारितोषिक २००३ साली, टायलर पारितोषिक २०१५ साली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ जीवनगौरव २०२४ साली त्यांना मिळाला. पद्मश्री १९८१ची, पद्मभूषण २००६चे.

मग आला पश्चिम घाट. मार्च २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला आणि ३१ ऑगस्ट २०११ला अहवाल दिला गेला. सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन आखून साऱ्या घाटाची पाहणी, आणि संवेदनशीलतेनुसार तालुक्यांचे तीन वर्ग. वरच्या वर्गात नवी खाण नको, नवे गिरिस्थान नको, सार्वजनिक जमिनीचे खासगीकरण नको, कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद, आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवणाऱ्या शेतकऱ्याला व देवराई राखणाऱ्या गावाला मोबदला. सगळ्यात महत्त्वाचे, ही आखणी अंतिम नाही, ग्रामसभांनी चर्चा करून ती बदलावी, असे अहवालातच लिहिलेले होते.

मंत्रालयाने अहवाल दाबून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागितला. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो जाहीर करण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. मे २०१२मध्ये अहवाल लोकांसमोर आला. तोवर ‘गाडगीळ आले तर घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत’ अशी भीती कोकणापासून केरळपर्यंत पोचलेली होती. माणसाच्या हातात अहवाल पडण्याआधी त्याच्या कानावर अफवा पडली. गाडगीळांच्या बाजूचीही एक उणीव इथे नोंदवली पाहिजे. तालुका हे आखणीचे माप फार ठोकळ होते. भोर तालुक्यात वरंध घाटाच्या तोंडाचे गाव आणि महामार्गालगतचे नसरापूर एकाच मापात बसत नाही. गावपातळीवर आधी वर्षभर बोलून मग नकाशा काढला असता तर अफवेला इतकी जागा मिळाली नसती, असे मला वाटते. गटाला मिळालेल्या मुदतीत ते शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

त्यानंतर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालचा दुसरा गट आला. त्याने एप्रिल २०१३मध्ये घाटाच्या ३७ टक्के, म्हणजे सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला संवेदनशील म्हटले. क्षेत्र कमी झाले ही टीका बहुतेकांनी केली. गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात कळीचा आक्षेप निराळा होता: आर्थिक निर्णयांत स्थानिक समाजांची भूमिका असत नाही, असे या गटाने म्हटले होते. ज्या माणसाची सारी हयात त्या भूमिकेसाठी गेली, त्याला हे मान्य होणे अशक्य होते. मार्च २०१४मध्ये संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना निघाली, तिच्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर होते. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ला, वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे ३० जुलै २०१४ला आंबेगावातले माळीण गेले होते, आणि जुलै २०२१मध्ये वरंध घाटाच्या पायथ्याशी महाड तालुक्यातले तळिये. वरंध घाट भोरला कोकणाशी जोडतो. घाटमाथ्यावरच्या रस्त्यासाठी आणि बांधकामासाठी उतार कापणे किती धोक्याचे आहे, हे भोरच्या माणसाला दुसऱ्याने सांगायला नको.

या सगळ्यात भोर आणि वेल्ह्याच्या पदरात काय पडले? वरसगावच्या जलाशयाच्या काठावर मुळशी आणि वेल्हे तालुक्यांच्या गावांमध्ये लवासाचे शहर उभे राहिले. पर्यावरण मंजुरीवरून नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्राने काम थांबवले आणि वर्षभराने अटींसह परवानगी दिली. ज्या खोऱ्यात धरणासाठी एकदा माणसे उठली तिथेच डोंगर दुसऱ्यांदा विकला गेला, आणि दोन्ही वेळा ग्रामसभेचा शब्द निर्णायक ठरला नाही. त्यानंतर दोन्ही तालुक्यांत शेतघरांचे प्लॉट, रिसॉर्ट, सपाट केलेले डोंगर वाढत गेले. जागतिक वारसा म्हणून २०१२ साली पश्चिम घाटाची ३९ ठिकाणे नोंदली गेली. महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना हा मान मिळाला आणि त्यात राजगड आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण किल्ल्याच्या पायथ्याची झाडी, ओढे आणि गावे सांभाळली नाहीत तर वर येणाऱ्या गर्दीला ती पुरी पडणार नाहीत.

आणि नोंदवह्या? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिना दहा लाखांचा दंड ठरवला. मग राज्यात अठ्ठावीस हजारांहून अधिक स्थानिक संस्थांच्या समित्या कागदावर उभ्या राहिल्या आणि नोंदवह्या भराभर लिहिल्या गेल्या. गावाने बसून लिहायची वही कंत्राटदाराने नमुना उतरवून पुरी केली तर तिचा उपयोग काय? त्यावर जैवविविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने आयुष वैद्यांना आणि ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापरकर्त्यांना लाभवाटणीतून सूट दिली. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणाऱ्या बाईला औषधाच्या धंद्यातून काही परत मिळण्याची वाट त्यामुळे आणखी अरुंद झाली.

गाडगीळांवर एक आक्षेप घेतला जातो, की ते गावाला फार भले समजत असत. आक्षेप निराधार नाही. राईत कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही यात जात होती, बाईला काही ठिकाणी मज्जाव होता. आज तरुण पुण्यात कामाला गेले आहेत, देवीचा धाक उरलेला नाही, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईच्या मधोमध सिमेंटचा सभामंडप, पुढे फरशी, वाहनतळ होते. अंजनी-जांभळाची शंभर वर्षांची झाडे त्यासाठी जातात, आणि ती तोडणारे गावचेच असतात. पण यावर इलाज वनखात्याचे कुंपण नाही. भरतपूरने ते दाखवले. राई देवीच्या धाकाने राखली गेली तसे आता ती ग्रामसभेच्या ठरावाने आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या कायद्याने राखली जायला हवी, आणि त्या ठरावात धनगरवाड्याचा, कातकरी वस्तीचा आणि बायांचाही आवाज हवा. १८ डिसेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिकडच्या देवरायांच्या, प्रकरणात केंद्राला देवरायांसाठी सर्वंकष धोरण करायला सांगितले आहे. धोरण दिल्लीत लिहिले जाईल. त्यात भरायची माहिती वेल्ह्याच्या आणि भोरच्या गावांनी दिली नाही तर ती पुन्हा उपग्रहाच्या चित्रावरून भरली जाईल.

गाडगीळांनी आपले आत्मचरित्र २०२३ साली इंग्रजीबरोबर मराठीतही आणले, ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’. वर्तमानपत्रांत ते मराठीत लिहीत राहिले, गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांबरोबर बसले. जागतिक सन्मान मिळवलेल्या शास्त्रज्ञांत हे क्वचित दिसते. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. भोर-वेल्ह्याच्या महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांसाठीही तोच वनहक्क कायदा आहे.

भोर, वेल्ह्याची पुण्या-मुंबईत नोकरी करणारी माणसे दिवाळीला गावी येतात. त्यांना एक विनंती. यंदा ग्रामपंचायतीत जाऊन गावाची लोकजैवविविधता नोंदवही पाहायला मागा. जैवविविधता समितीत कोण कोण आहेत, त्यात एक तृतीयांश बाया आहेत का, राईचे नाव आणि सीमा वहीत लिहिली आहे का, कोणत्या ओढ्याचा उगम कुठे नोंदला आहे, हे वाचून पाहा. वहीत काही नसेल तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नव्याने लिहिण्याचा ठराव मांडा, आणि लिहायला सड्यावरच्या म्हाताऱ्या धनगराला आणि गावातल्या जाणत्या बाईला बोलवा.